गल्लीत बाई-पुरुष बरोबरीचं बोलणं कसं सुरू करायचं: शेंगदाण्यापासून घराच्या कागदापर्यंत

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणि एक डोळा स्टोव्हवरच्या भातावर. मजुरी हजार विड्यांवर. आम्ही दोघी बहिणी शाळेतून आलो की दप्तर टाकून आधी कात्री घेऊन पानं कापायला बसायचो आणि भाऊ खेळायला जायचा, यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही, आम्हालाही नाही. विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर होतं, त्यामुळे आम्ही कापलेली पानं आणि बांधलेली बंडलं कुठल्याच कागदावर नव्हती. पाहुण्यांनी विचारलं तर आई म्हणायची, "पोरी काय, घरीच असत्यात."

आता काही वर्षं झाली, मी सोलापुरात पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये बायका, मुली आणि पुरुषांबरोबर या विषयावर बैठका घेते. सुरुवातीला आम्ही सगळं तेच केलं जे सगळे करतात, ८ मार्च, बॅनर, खुर्च्या, पाहुणे, भाषण. बायका यायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि मधेच घड्याळ बघायच्या. घरी गेल्यावर काहीच बदलायचं नाही. भेदभाव हा माणसाला सवयीमुळं दिसत नाही, तो आधी मोजून डोळ्यांसमोर मांडावा लागतो, हे आम्हाला उशिरा कळलं. ज्यांना आपल्या गल्लीत, बचत गटात, सोसायटीत किंवा गावात हे सुरू करायचंय त्यांच्यासाठी आमची पद्धत सविस्तर लिहितेय.

आधी दिवस आणि जागा ठरवा, हे किरकोळ समजू नका

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं आणि वेळही कधी पहाटेची, कधी रात्रीची. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली की संपलं, एक बाई येणार नाही, आली तरी तिचं मन नळापाशी. म्हणून पहिलं काम, त्या गल्लीचा पाण्याचा दिवस विचारा. दुसरं, विडीचा माल जमा करायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ टाळा. आम्हाला दुपारी तीन ते साडेचार बरं पडतं.

जागा निवडताना देवळाचं सभागृह फुकट मिळतं म्हणून घेऊ नका. पाळी आलेल्या बायका येत नाहीत आणि का आल्या नाहीत ते सांगतही नाहीत. आमच्या एका बैठकीला बारापैकी चौघी गायब होत्या, नंतर एकीने कानात कारण सांगितलं तेव्हा कळलं. कुणाचं तरी अंगण, गच्ची, अंगणवाडीची खोली चालते. चटया टाका, खुर्च्या नकोत, कारण खुर्च्या कमी पडल्या की आपोआप पुरुष खुर्चीवर आणि बायका खाली, मग बरोबरीचं काय बोलणार?

हातातलं काम घेऊन या म्हणावं. सूप घेऊन येऊ द्या, शिवणाचं येऊ द्या. दीड तास मजुरी बुडवून या असं आपण त्यांना सांगू शकत नाही. भाषेचंही बघा, पूर्व भागात कितीतरी घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडं कन्नड, कुठं दखनी. मराठी सगळ्यांना येतं पण मनातलं दुखणं माणूस घरच्या भाषेत सांगतं, म्हणून त्या भाषेतली एक अक्का सोबत हवीच.

शेंगदाण्यांचा दिवस

ही आमची सगळ्यात कामाची पायरी, म्हणून नीट सांगते.

पावशेर भाजलेले, सोललेले शेंगदाणे घ्या. जमिनीवर खडूने प्रत्येकासाठी वेगळे सात गोल काढा: झोप, पैशाचं काम, स्वयंपाक-भांडी-धुणं, पाणी-रेशन-बाजार, पोरं-म्हातारी-आजारी माणसं, अंघोळ-जेवण आणि स्वतःचा वेळ. एक शेंगदाणा म्हणजे अर्धा तास, म्हणजे प्रत्येकाला ४८ दाणे. एका घरातले दोघं बसवता आले तर उत्तम, नाहीतर बाईने आपला दिवस मांडायचा आणि मग नवऱ्याचा.

विचारताना "रोज साधारण काय करता" असं अजिबात विचारू नका. साधारण म्हटलं की सगळे चांगले असतात, प्रत्येक पुरुष मदत करतो आणि प्रत्येक बाई "काय नाय ओ, घरीच असते" म्हणते. कालचा दिवस विचारा. काल किती वाजता उठलात, मग काय केलं, मग काय केलं, असं रात्रीपर्यंत.

दोन कामं एकाच वेळी केली असतील तर शेंगदाणा फोडायचा आणि एकेक पाकळी दोन गोलांत टाकायची. हा नियम आम्हाला एका बाईनेच दिला, मी तिला सारखी म्हणत होते विडी वळत होता की भात बघत होता, एक काहीतरी सांगा, तिने दाणा उचलून दातानं फोडला आणि दोन्हीकडं ठेवला. तेव्हापासून आम्ही असंच करतो. शेवटी समोर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं, नवऱ्याच्या गोलांत अख्खे शेंगदाणे आणि बायकोच्या गोलांत नुसत्या पाकळ्या पसरलेल्या, स्वतःच्या वेळाच्या गोलात बहुतेक काही नाही किंवा एखादी पाकळी, तीसुद्धा मालिका बघताना भाजी निवडली म्हणून अर्धीच.

इथं तुम्ही बोलू नका. गप्प बसा. दोन-तीन मिनिटं माणसं बघतात, कुणीतरी हसतं, कुणीतरी दाणा इकडचा तिकडं सरकवतं, एखादा नवरा म्हणतो मी परवा पाणी भरलं होतं की, बायको म्हणते परवा नाही, काल विचारलंय. हे बोलणं त्यांचं त्यांना करू द्या.

त्यानंतर आकडा सांगा. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे ८८. शेंगदाण्यांत मोजा, साडेनऊ आणि तीन. आणि ८८ मिनिटं ही त्या दिवशी घरात काहीतरी काम केलेल्या पुरुषांचीच सरासरी आहे, ज्यांनी काहीच केलं नाही ते त्यात धरलेलेच नाहीत. आकडा आधी सांगितला तर भाषण होतं, शेंगदाण्यानंतर सांगितला तर प्रत्येकाला वाटतं हे माझ्याच घरचं चाललंय.

त्याच दिवशी प्रत्येक घराने एकच गोष्ट ठरवायची. एकच. "मोठा पोरगा पाणी भरेल" किंवा "रात्रीची भांडी मी घासेन". दहा गोष्टी ठरवल्या की आठवड्यात सगळ्या सुटतात. वहीत लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा शेंगदाणे मांडायचेत.

पोरगा आणि पोरगी

दुसऱ्या बैठकीत ज्यांच्या घरात पोरगा-पोरगी दोन्ही आहेत त्यांना दोन रकाने करायला लावा. मोबाईल कुणाला मिळाला, कितव्या वर्षी. सायकल कुणाला. ट्यूशन कुणाला. शेवटची पोळी किंवा उरलेलं अंडं कुणाच्या ताटात गेलं. संध्याकाळी सातनंतर बाहेर कोण असतं. आजारी पडल्यावर दवाखान्यात कितव्या दिवशी नेलं, यावर जरा थांबा, आमच्या अनुभवात पोराला पहिल्या दिवशी नेतात आणि पोरीला "बघू उद्यापर्यंत", आणि आया स्वतःच हे सांगताना रडतात कारण त्यांनी मुद्दाम केलेलं नसतं.

"परक्याचं धन", "वंशाचा दिवा" या म्हणी कुणी काढल्या तर वाद घालू नका. एवढंच विचारा की हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी म्हटलं आणि तेव्हा तुम्ही केवढ्या होता. उत्तर बहुतेक आजी किंवा आई येतं, वय सात-आठ.

इथंच लवकर लग्नाचा विषय निघतो, निघू द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. लोकांना कायदा माहीत असतो, २००६ चा, मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१. त्यांची अडचण वेगळी असते, दहावीनंतर कॉलेज लांब, रस्त्यावर पोरं त्रास देतात, बदनामी होईल, मग लग्न उरकून टाकू. त्यामुळं "कायद्याने गुन्हा आहे" एवढं सांगून थांबलात तर ते तुमच्यासमोर मान हलवतील आणि लग्न दुसऱ्या गावात लावतील. कॉलेजला जाणाऱ्या चार पोरींचा एकत्र जायचा गट करून द्या, बसची वेळ बघा, हे जास्त चालतं. आणि लग्न ठरलंच असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन करा, खेड्यात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवा.

मुलगी नकोच हा विषयसुद्धा टाळू नका. शून्य ते सहा वयात दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४ झाल्या, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून आहे. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि पुढं जाते, कारण गल्लीत अशी एखादी बाई बसलेली असतेच जिच्यावर हे ओढवलंय आणि तिला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नसतं.

पुरुषांशी वेगळं बोला, पण बोलाच

नुसत्या बायकांच्या बैठका घेतल्या तर बाई शहाणी होऊन घरी जाते आणि तिथं एकटी पडते. यंत्रमागावरची पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर, तालमीत, गणपती मंडळात जा. पहिली एक-दोन बोलणी फक्त पुरुषांची असावीत आणि बोलणारा त्यांच्यातलाच हवा, मागावरचा, रिक्षावाला, शाळेतला सर. मी बाई म्हणून गेले की सगळे फार सभ्य होतात आणि खरं काही बोलत नाहीत.

"तुम्ही अन्याय करता" अशी सुरुवात केली की चहा संपायच्या आत माणसं उठतात. आम्ही एकच प्रश्न विचारतो: तुमच्या आईने स्वतःसाठी म्हणून घेतलेली शेवटची वस्तू कोणती? एकदा एक काका बराच वेळ बोटं मोडत बसले, मग म्हणाले, "आठवत नाय. खरंच आठवत नाय," आणि ग्लास तसाच ठेवून घरी गेले. पुढच्या बैठकीला ते बायकोला घेऊन आले.

पुरुषांवरचं ओझंही बोलायला हवं. पाळी बंद पडली, माग विकला गेला की "पुरुष असून बसून खातोय" हे त्यांना ऐकावं लागतं, मग दारू, मग मारहाण. हे कारण म्हणून ऐका, माफी म्हणून नाही.

कागदांची पिशवी

तिसरी किंवा चौथी बैठक. प्रत्येकीने घरातली कागदांची पिशवी घेऊन यायची, ती कॅरीबॅग जी कपाटात साड्यांखाली असते. रेशन कार्ड, घरपट्टी, लाईट बिल, पासबुक, पीएफचा कागद, पोरांचे दाखले. मग प्रत्येक कागदावर नाव कुणाचं ते बघायचं आणि दोन ढीग करायचे. रेशन कार्डावर बाई कुटुंबप्रमुख असते कारण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १८ वर्षांवरची घरातली मोठी बाई प्रमुख मानलीय. बाकी ढीग बहुतेक नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा.

मग एकेक कागद बदलायला घ्या.

बँक खातं बाईचं असतं पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा असतो, लाडक्या बहिणीचे १५०० आले की मेसेज त्याला जातो. बँकेत जाऊन आपला नंबर जोडून घ्या, एटीएमचा पिन स्वतः टाकायला शिका, गट करून जा म्हणजे काउंटरवर कुणी "नवऱ्याला पाठवा" म्हणणार नाही. हे एका दुपारचं काम आहे. विडी कामगार असाल तर पीएफला वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही त्याच आठवड्यात बघा.

घराचं सांगते. नवीन घर घेताना खरेदी फक्त बाईच्या नावावर किंवा बायकांच्याच नावांवर असेल तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट नाही. असलेलं राहतं घर नवऱ्याला बायकोच्या नावे बक्षीसपत्रानं करता येतं आणि त्याला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, मात्र नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. पंतप्रधान आवासचं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावरच देतात, सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर वसाहतीत जानेवारी २०२४ ला १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या, तिथल्या एखाद्या बाईला बैठकीला बोलवा. नावावर घर असलेली बाई भांडणात "निघ घरातनं" ऐकून घेत नाही, हे तिच्या तोंडून ऐकलं की गल्लीला जास्त पटतं. खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, दोघांची नावं लावून घ्या, आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, अर्ज तलाठ्याकडे.

माहेरच्या हिश्श्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो सगळ्यांचा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, महाराष्ट्राने १९९४ ला कायदा केला, देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून झाला, आणि ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हा हिंदू वारसा कायदा आहे, मुस्लिम बहिणींना त्यांच्या कायद्याप्रमाणे वेगळा हिस्सा असतो, त्यांना वकिलाकडून नीट सांगायची सोय करा. पण प्रश्न कायद्याचा कमी आणि भावाचा जास्त असतो. भाऊबीजेला बोलवतात, साडी नेसवतात, जेवण झालं की कागद पुढं येतो, हक्कसोडपत्र. मीसुद्धा सही केली होती, वाचलं नव्हतं, आई समोर बसली होती आणि मला तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून मी एवढंच शिकवते: त्या दिवशी सही करायची नाही. "घरी नेऊन वाचते" म्हणायचं. नंतर विचार करून सोडायचं असेल तर सोडा, तुमचा हक्क आहे, पण जेवणाच्या ताटावरून उठून सही नको.

पोरांचे कागद राहिले. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहायचं ठरलंय. बाळंतपण झालेल्या घरी हे आधीच सांगून या.

कामाच्या जागी

युनिफॉर्म शिवणारे कारखाने, टॉवेलचे कारखाने, दुकानं, धुणीभांडी. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा त्रास देणारा मालकच असेल, किंवा तुम्ही घरकामाला जात असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्याकडं तक्रार करायची. मुदत तीन महिने, कारण सबळ असेल तर अजून तीन. लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम आहे. आणि सारख्या कामाला बाईला कमी मजुरी देणं १९७६ पासून बेकायदेशीर आहे, "बाईमाणसाला एवढंच" असं कुणी म्हटलं तर ते वाक्य, तारीख आणि रक्कम वहीत लिहून ठेवा.

बैठकीत मारहाणीचं निघालं तर

निघतंच. बहुतेक बैठक संपल्यावर, चटया गोळा करताना, एक बाई मागं रेंगाळते. तिला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका, सल्लाही लगेच देऊ नका. विचारा की आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, आणि तुला काय हवंय. "जुळवून घे" म्हणू नका आणि "सोडून ये" पण म्हणू नका. तुम्ही स्वतः त्या नवऱ्याला समज द्यायला जाऊ नका, त्याचा राग तिच्यावरच निघतो, हे आमच्याकडून एकदा झालंय आणि मी ते विसरलेले नाही.

तिला माहिती द्या. धोका असेल तर ११२, सल्ला आणि मदतीला १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्यामार्फत राहत्या घरात राहण्याचा आदेश आणि खर्च मागता येतो. वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिथं उत्पन्नाची अट नाही. नंबर तिच्या फोनमध्ये "गिरणीवाली" असल्या कुठल्यातरी नावाने सेव्ह करून द्या.

सणांचा उपयोग करा

संक्रांतीला, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरोघर हळदीकुंकू असतं. नवरा गेलेल्या बायकांना बोलवा, आणि बोलावून कोपऱ्यात बसवू नका, पहिलं वाण त्यांना द्या. विधवा प्रथा बंद करायची चळवळ आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी लावून धरली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. हे सांगितलं की सासवासुद्धा ऐकतात, कारण गाव आपल्यासारखंच आहे. आमच्या गल्लीतल्या एका मावशीने पहिल्या वर्षी कुंकू घेतलं नाही, फक्त वाण घेतलं. दुसऱ्या वर्षी हळद घेतली. घाई केली नाही आम्ही. तेलुगू बायकांचा बतुकम्मा, हादगा, सगळीकडे हेच करता येतं.

खेड्यात असाल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन होते. अंगठा द्यायच्या आधी सभा खरंच घ्या म्हणा आणि ठराव लिहून घ्या.

तीन महिन्यांनी

पुन्हा खडू, पुन्हा सात गोल, पुन्हा ४८ शेंगदाणे, पुन्हा कालचा दिवस. मागची वही उघडून शेजारी ठेवा. फार मोठं काही होत नाही, आधीच सांगते. गेल्या वेळी पंधरा घरांपैकी सहा घरांत फरक पडला होता. त्यातल्या एका घरात पोरगा पाणी भरायला लागला, आठवड्यातून दोनदा, तक्रार करत करत. त्याच्या आईने स्वतःच्या वेळाच्या गोलात एक अख्खा शेंगदाणा ठेवला. त्या अर्ध्या तासात काय करता असं मी विचारलं तर म्हणाली, "काय नाय. दारात बसते."